फिलूकडची बैठक

अतिशहाणपणा माणसाला कुठे नेऊन आपटेल, सांगता येत नाही. गौरजाबाईंना त्याने थेट सीतेच्या पडवीत तोंडघशी पाडलं.

बाई एका संस्थेतर्फे गावोगावच्या बायकांचे खेळ घ्यायच्या. मसुऱ्यातल्या एका बचत गटाची बैठक आज सीतेकडे होती, आणि खेळाचा विषय होता, चारचौघींत वेगळं असणं म्हणजे काय. गटात सुकी मासळी विकणारी फिलोमिना एकटीच ख्रिस्ती. बैठक दर महिन्याला एकेकीच्या घरी व्हायची, पण फिलूचा नंबर आला की "कित्याक उगाच तुका त्रास?" म्हणत तो पुढे ढकलला जायचा. आता गट सोडते, असं तिने बाईंच्या कानावर घातलं होतं. "आज तरी तुला एकटं पडू देणार नाही," असा बाईंनी तिला शब्द दिला होता.

म्हणून त्यांनी युक्ती काढली. "मासे खाणाऱ्या उजवीकडे, न खाणाऱ्या डावीकडे!" बाई स्वतः जन्माच्या शाकाहारी. फिलू सगळ्यांबरोबर उजवीकडे, डावीकडे आपण एकट्याच उरणार. मालवणात दुसरं होणार काय?

पण अख्खी पडवी डावीकडे सरकली!

"अगं, तुम्ही मासे खात नाही?"

"बाई, आज सोमवार!" सीता म्हणाली. "आज माशाचा नाव पण नको."

उजवीकडे फिलू एकटी. बाईंनी स्वतःलाच शिव्या घातल्या. जळलं मेलं माझं डोकं, वार बघायला काय झालं होतं!

"ये गो हयसर," कुणीतरी हसत फिलूला म्हणालं.

"ऱ्हवांदे. माका सवय आसा," फिलू म्हणाली. "तुमचो सोमवार माका पाठ आसा. माझो उपास कदी, कोणाक ठावक आसा? माझ्या घरचो चा गोड की कडू, ता तरी ठावक आसा?"

झालं, गेली ही गटातून, आणि पाप माझ्या माथी, असं बाईंना वाटलं.

सीता गटाची अध्यक्ष. नंबर पुढे ढकलायची ती हीच. तिने मान खाली घातली. "खरा आसा गो. तुझो त्रास खंयचो? तुझ्याकडचो चा घेतलंय तर सासू काय म्हणात, ह्येचा माका भय." मग ती तरातरा चालत फिलूपाशी गेली. "पुढची बैठक तुझ्याकडे. उपास कदी ता सांग, तो दिस सोडून येतलंव."

"आणि सासू?"

"तिकाच घेवन येतंय!"

पडवीत हशा पिकला. बाईंचा जीव भांड्यात पडला. फिलूही हसली, आणि हसता हसताच डोळे पुसायला लागली.

"गो बायांनू," ती म्हणाली, "पण माझ्याकडे इतके कप खंय आसत?"