खोडलेली अकरा घरं

जवळा बाजारच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या गुलनाजबाईंच्या मनात पाल चुकचुकली ती सोमवारी, मधल्या सुट्टीत. मोबाइलवर यादी उघडली, तर साठ घरांची एकोणपन्नास झालेली. खोडलेली अकराच्या अकरा घरं त्यांच्याच मोहल्ल्यातली, आणि खोडणाऱ्याचं नाव भावसिंग.

ही यादी होती पाहुण्यांना ठेवून घेणाऱ्या घरांची. जगभरातले हौशी लोक पदरमोड करून गावोगावच्या विहिरी, गल्ल्या, शाळा एका खुल्या नकाशावर भरतात. दर वर्षी कुठल्यातरी देशात त्यांची परिषद भरते. पुढची आपल्या हिंगोली जिल्ह्यात भरावी म्हणून बाईंनी अर्ज केला होता. समोर होतं पोर्तुगालातलं एक शहर. तिथं विमानतळ, हॉटेलं, समुद्र. आपल्याकडं काय? मग बाईंनी अर्जात लिहिलं, आमचे पाहुणे लॉजवर नाही, माणसांच्या घरात राहतील, अर्धे मोहल्ल्यात आणि अर्धे तांड्यावर. निवड समिती त्यावरच भाळली. किमान पन्नास घरं दाखवा, एवढीच अट. निकाल शुक्रवारी.

भावसिंग तांड्यावरचा, पेशानं वायरमन. सात वर्षं दोघांनी मिळून तालुक्याचा नकाशा भरला होता. साधा हातपंप नकाशातून काढायचा तरी भावसिंग कारण लिहायचा. इथं अकरा घरं काढली आणि कारणाची जागा कोरी.

बाईंना आता सगळंच आठवायला लागलं. रविवारी भावसिंगची गाडी मोहल्ल्यात दिसली होती, पण तो आपल्याला भेटला नाही. शेजारच्या कहकशाला विचारलं, तर ती कपडे वाळत घालायच्या निमित्तानं आत गेली. तांड्यावरची घरं सगळी शाबूत, आणि आमचीच बरी नासकी निघाली? माणूस सात वर्षं बराबर वागला म्हणजे आतून बराबर असतोच असं थोडंच आहे. सुतावरून स्वर्ग गाठायला वेळ लागत नाही, आणि बाई तर विज्ञान शिकवणाऱ्या, त्यांना पुरावाही मिळालेला.

शाळा सुटल्यावर भावसिंग चौकात भेटला.

"घरं तुमी खोडली?"

"व्हय."

"काहून?"

"ते नका इचारू, ताई. तेवढी घरं मी भरून देतो."

बाईंना राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. त्या तडक घरी आल्या आणि समितीला पत्र लिहिलं: एका सहकाऱ्यानं मुसलमानांची घरं यादीतून वगळली आहेत, त्याला कामातून दूर करावं. तासाभरात समितीनं भावसिंगचं खातं बंद केलं.

जेवताना त्यांनी हे आईला सांगितलं. मदीनाबींचा घास हातातच राहिला.

"तेरे मूं पे नक्को कैसा बोलूं गे?" त्या एवढंच म्हणाल्या, आणि मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

घरात माणसं किती, खोल्या किती, दाराचा फोटो, असं सगळं त्या यादीत होतं. मोहल्ल्यातल्या बायकांना धडकी भरली. ही यादी उद्या कुणाच्या हातात जाईल? यादीत नाव गेलं की तकलीफ मागं लागते, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. पण आपल्याच गल्लीतल्या पोरीला, आपल्या लेकरांना शिकवणाऱ्या बाईला, तोंडावर नाही कसं म्हणायचं? मोहल्ल्यात तशी रीतच नाही. नकार परक्याच्या हातून धाडायचा. म्हणून त्यांनी भावसिंगला बोलावलं, नावं काढायला लावली आणि गुलनाजला कळू देऊ नको म्हणून शब्द घेतला.

"तू पण सांगितलंस त्याला?" बाईंनी विचारलं.

मदीनाबींनी मान हलवली. आपलंही घर काढ म्हणून त्यांनी सांगितलं होतं. त्यावर भावसिंग म्हणाला होता, "मावशी, तुमचं घर न्हाई खोडत. गुलनाजताईच्या जिवाला लागंल. तुमचे पाव्हणे मी माझ्याकडं नेतो."

बाई ताटावरून उठल्या. उठल्या तशा त्यांनी समितीला दुसरं पत्र लिहिलं. घरं घरवाल्यांनीच काढून घेतली, त्या माणसाचा काही दोष नाही, संशय माझा होता. ज्या अर्जदारांचं आपसातच जमत नाही त्यांना परिषद कोण देणार, हे त्यांना ठाऊक होतं. तरी पत्र पाठवलं. शुक्रवारी समितीनं पोर्तुगाल निवडलं.

शनिवारी बाई तांड्यावर गेल्या. भावसिंग ओट्यावर बसला होता. बायको मिराबाईनं चहा आणून ठेवला.

"भावसिंगभाऊ, चुकलं माझं. तुमचं खातं काल परत चालू झालंय. या कामावर."

भावसिंगनं खिशातून चौपदरी घडीचा कागद काढून त्यांच्या हातात दिला. तांड्यावरच्या अकरा नव्या घरांची नावं होती, पुढं प्रत्येकाचा अंगठा नाहीतर सही.

"मंगळवारीच झाली होती," तो म्हणाला. "पाठवायला गेलो तर खातं बंद."

"तुमी मला सांगायचं तरी. एवढा शब्द पाळायचा असतो का?"

भावसिंगनं चहाची बशी खाली ठेवली.

"शब्द देल्ता, ताई, तोंड शिवलं न्हवतं. सात वर्षांत तुमी एका हातपंपासाठी मला धा धा येळा इचारलं. ह्या टायमाला एकदाच इचारलं."