जड यंत्रांची रांग

साइटच्या फाटकातून आत शिरलं की जमिनीवर एक जाड पिवळा पट्टा होता. पट्ट्यापलीकडे जड यंत्रं उभी राहायची: पोकलेन, रोलर, क्रेन. अलीकडे उरलेला संसार, म्हणजे हातगाड्या, शिड्या, काँक्रीटचा मिक्सर आणि मिक्सरला खेटून सूनबाईचा छोटा लोडर.

तिला सगळी साइट सूनबाईच म्हणायची, कारण पलीकडच्या पोकलेनवर तिचे सासरे बसायचे. सासऱ्यांनी पोकलेनच्या आवाजावर मात करून तिला एकदा ‘सूनबाई’ अशी हाक मारली आणि तेच नाव पडलं. लोडरचंही नाव पडलं होतं: पिल्लू. चार बुटकी चाकं, पुढे बकेट, कपाटाएवढी केबिन. त्याला स्टिअरिंग नाही, नुसते दोन लिव्हर. एका बाजूची चाकं पुढे, दुसरीकडची मागे, की गडी जागच्या जागी गर्रकन फिरतो. जिथे पोकलेनला मानसुद्धा घालता येत नाही त्या तळघरात, जिन्याखाली, बोळात जाऊन राडारोडा उचलायचं काम पिल्लाचं. काम मोठ्यांचंच, पण मान हातगाडीचा.

मानाचं सूनबाईला फारसं काही नव्हतं. तिला हवा होता झेंडेवाला. पट्ट्यापलीकडच्या प्रत्येक यंत्रामागे एक माणूस झेंडे घेऊन उभा असायचा. हिरवा दाखवला की ये, लाल दाखवला की थांब. तो नसेल तर जड यंत्र जागचं हलवायचं नाही, असा साइटचा कडक नियम होता. अलीकडच्यांना झेंडेवाला नाही. हातगाडीला कशाला हवा झेंडेवाला?

एके दिवशी तळघरात ती लोडर मागे घेत होती आणि मागे एक प्लंबर उकिडवा बसून पाइप जोडत होता. लोडरच्या पाठीला इंजिन, त्यापलीकडचं काही दिसत नाही. प्लंबर ओरडला म्हणून वाचला. त्याची हत्यारांची पेटी मात्र चाकाखाली चपटी झाली. तो बिचारा हसला, पेटी उचलून गेला. सूनबाईने पिल्लू तिथेच बंद केलं. ती तडक सुपरवायझरकडे गेली.

“साहेब, मला रांगेत घ्या. झेंडेवाला द्या.”

“अहो, तीन टनांचं तुमचं पिल्लू. ते जड यंत्रांत कसं बसवू?”

“त्या प्लंबरला तीन टन कमी पडले असते का?”

सुपरवायझरने डोकं खाजवलं. माणूस वाईट नव्हता, पण वाईटपणा घ्यायला तयार नसायचा. “तुमच्या सासऱ्यांना विचारा,” तो म्हणाला. “रांगेतले सगळ्यांत जुने तेच. ते हो म्हणाले तर उद्याच पट्टा ओलांडा.” स्वतःच्या गळ्यातलं लोढणं त्याने अलगद दुसऱ्याच्या गळ्यात अडकवलं.

रात्री जेवताना तिने विषय काढला. सासऱ्यांनी घास गिळला, पाण्याचा घोट घेतला आणि निकाल दिला.

“जड यंत्र कशाला म्हणायचं? जे आलं की जमीन हादरते. तुझं आलं तर फार तर कपातला चहा हलेल.”

“तुम्ही आलात की घर हादरतं,” सासूबाई म्हणाल्या, “म्हणून तुम्हाला पोकलेनशेजारी उभं करायचं का?”

“तू गप्प बस गं. अगं पोरी, तुझं पिल्लू म्हणजे पोरखेळ आहे. मी एका हाताने चालवून दाखवीन.”

इतर वेळी ती ऐकून घ्यायची. पण प्लंबरची चपटी पेटी तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

“मग चालवाच, बाबा. उद्याच.”

बातमी कशी पसरली देव जाणे. सकाळी तळघरात निम्मी साइट जमली होती. पिल्लाला बाजूने दार नसतं. बकेटवर पाय ठेवून, दोन लोखंडी हातांच्या मधून आत शिरावं लागतं. सासऱ्यांचं पोट तिथे अडकलं आणि पहिला हशा झाला. ते कसेबसे बसले, मांडीवर सुरक्षेचा दांडा ओढला आणि दोन गिरक्या अशा घेतल्या की लोक गप्प झाले. हात शेवटी कसलेले होते. सुपरवायझरकडे बघून त्यांनी मान उडवली आणि रिकामी बकेट घेऊन लोडर सरळ तळघरातून वर जाणाऱ्या रॅम्पला लावला. तोंड वर करून.

सूनबाईला ते लगेच खटकलं. पोकलेन चढावर अशीच घालतात, पुढचा हात चढाकडे करून. पिल्लाचं सगळं वजन मागे, इंजिनात. बकेट भरलेली असेल तर तोंडाने चढवावं, रिकामी असेल तर पाठीने. जड बाजू नेहमी चढाकडे. आयुष्यभर पोकलेनवर बसलेला माणूस नेमकी इथेच चूक करणार, आणि आदल्या रात्री तिला हे सांगायचं सुचलं नव्हतं.

“बाबा, उलटा घ्या! उलटा!” ती ओरडत लोडरच्या मागे धावली. यंत्राच्या मागे उभं राहू नये हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण रॅम्पवर घरचं माणूस होतं, आणि पाय अकलेला विचारून धावत नाहीत.

पुढची चाकं उचलली गेली. केबिनमधून सासऱ्यांना फक्त छत दिसलं असणार. घाबरून त्यांनी दोन्ही लिव्हर मागे खेचले. चाकं धाडकन खाली आदळली आणि लोडर सुसाट मागे आला. सूनबाईने भिंतीकडे अंग झोकून दिलं. ती उभी होती त्याच्या मागेच सिमेंटच्या पोत्यांची थप्पी होती. लोडरची पाठ थप्पीत घुसली, पोती फुटली आणि तळघर पांढऱ्या धुरळ्याने भरून गेलं.

इंजिन बंद झालं. सासरे धडपडत उतरले. “कोणाला लागलं नाही ना?” ते हसायचा प्रयत्न करत होते. मग धुरळ्यातून सूनबाई उठून उभी राहिली, केसांपासून पायांपर्यंत सिमेंटने माखलेली.

“तू मागे होतीस?”

“हो.”

“मला दिसली नाहीस.” त्यांनी फुटलेल्या पोत्यांकडे पाहिलं, परत तिच्याकडे पाहिलं. “अगं, मला तू दिसलीच नाहीस.”

त्यांचा चेहरा तिच्याहून पांढरा झाला होता. ते फुटक्या पोत्यावरच बसले.

मग ते उठले आणि सुपरवायझरला म्हणाले, “पिल्लू रांगेत घ्या. आत्ता.”

“घेतो की. पण झेंडेवाला उद्याशिवाय मिळणार नाही. आज आहेत तेवढेच.”

“माझा आहे ना.”

“मग पोकलेन?”

“नियम काय आहे? झेंडेवाला नाही तर हलवायची नाही.”

ते पोकलेनपाशी गेले आणि किल्ली काढून खिशात टाकली. आपल्या झेंडेवाल्याच्या हातातले दोन्ही झेंडे मागून घेतले. त्याला म्हणाले, “तू आज पोती भर. इथे मी उभा राहतो.”

त्या दिवशी साइटवरचं सगळ्यांत मोठं यंत्र रांगेत बंद उभं होतं. तळघरात सूनबाईने तोंड धुऊन पिल्लू सुरू केलं, बकेट भरली आणि मान वळवली. मागे, पण बाजूला, तिला नीट दिसेल अशा जागी सासरे उभे होते. हिरवा झेंडा त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

“ये,” ते साइटभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले. “ये पोरी मागे. मी बघतोय.”