विहिरीची सरळ रेघ

निवृत्त होऊन दीड वर्ष झालं, तरी सोमवारी सकाळी माझे पाय आपोआप चपलांकडे वळतात. "अहो, कुठे निघालात? शाळा तुमच्याशिवाय भरते आता," अहिल्या आतून ओरडते. भरत असेल. मी मुकाट्याने मसोलीतल्या आमच्या ओट्यावर बसतो आणि मन मात्र जुन्या स्कूटरवरून आशागड ओलांडून, हायवे धरून थेट तलासरीकडच्या त्या पाड्यावर जाऊन थांबतं. पाड्यावर चाळीस घरं, एक विहीर आणि दोन खोल्यांची सातवीपर्यंतची शाळा. गणित माझ्याकडे होतं आणि गणित येतं याचा मला माज होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या माजाचंच आहे.

त्या वर्षीची सातवी मोठी गोड होती. त्रैराशिक त्यांना घडाघडा यायचं, पण ते वहीतल्या केळ्यांचं आणि पेन्सिलींचं. एखादी गोष्ट ठरावीक वेगाने बदलते म्हणजे काय, आलेखात तिची रेघ तिरकी का होते, हे काही केल्या डोक्यात शिरेना. आगगाडीचं उदाहरण दिलं तर वर्गातला धाकल्या म्हणाला, "सर, गाडी स्टेशनात थांबते तेव्हा?" मी चिडलो. चूक माझीच होती, उदाहरण दूरचं होतं. मग खिडकीतून विहीर दिसली.

मार्चच्या पहिल्या सोमवारी आम्ही दोराला दगड बांधून विहिरीत सोडला. वर ओढला तेव्हा जेवढा दोर भिजला होता तेवढं पाणी. पट्टी नव्हती, म्हणून वितीने मोजायचं ठरलं आणि लगेच भांडण झालं, वीत कुणाची? दिपकची मोठी, संगिताची एवढीशी. "एकाच माणसाची धरा, मग लहान असो की मोठी," जमना म्हणाली. अर्धा धडा त्या एका वाक्यात झाला होता. मी खूश होऊन तिचीच वीत धरली आणि मोजायचं कामही तिलाच दिलं. एरवी अर्ध्या वर्गाला ऐकू येणार नाही अशा आवाजात बोलणारी ती पोर दर सोमवारी प्रार्थनेआधी ओला दोर घेऊन दारात उभी राहू लागली.

पहिल्या सोमवारी चोवीस विती. मग बावीस, वीस, अठरा. मी भिंतीवर मोठा चौकटींचा कागद लावला. जमनाने चार ठिपके काढले, मी लाकडी पट्टी ठेवून ते जोडले आणि रेघ तशीच पुढे ओढत शून्यापर्यंत नेली. "आठवड्याला दोन विती, हा हिचा उतार. उतार कळला की पुढचं सगळं कळलं." पोरं रेघेवर बोट फिरवून बघत होती. पंचवीस वर्षं शिकवलं, पण त्या दिवसाइतका मास्तर असल्याचा आनंद मला क्वचितच झाला असेल.

पाड्यावर एक रीत होती. उन्हाळ्यातल्या लग्नाचा दिवस ठरवायच्या आधी पाड्यातली सगळ्यात म्हातारी काळी आजी विहिरीत डोकावायची. पाहुणे, रांधणं, न्हाणं, सगळ्याला पाणी लागणार. ती म्हणेल त्या दिवसाच्या आत लग्न उरकायचं. त्या वर्षी जमनाच्या मोठ्या बहिणीचं, शितलचं लग्न रानशेतच्या मुलाशी ठरलं होतं. बाप चिमण दिवस ठरवायला आजीकडे न जाता शाळेत आला. तिकडे सगळ्यांना सरसकट 'तू' म्हणतात, मला ते फार आवडायचं. "गुरुजी, तू सांग. लग्नाला चार विती पाणी पायजे. कधीपर्यंत राहील?"

मी पट्टी लावली. "मेच्या मध्यापर्यंत. पंधरा तारीख धर."

चिमणने भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं, मग लेकीकडे. "ही मोजते?" मी हो म्हटलं. "मग हिला डहाणूला घालतो आठवीत. वसतिगृहात ठेवतो. सगळे म्हणतात पोरीला काय करायची शाळा, पण ही विहीर वाचते." जमना खाली बघत हसत होती. तिला ती आठवी किती हवी होती हे वर्गातल्या बाकांनाही माहीत होतं.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी सोळा विती भरल्या, बरोबर रेघेवर. दुसऱ्या सोमवारी चौदा हव्या होत्या, तेरा निघाल्या. दोर वाकडा पडला असेल, मी म्हटलं. तिसऱ्या सोमवारी बारा हव्या होत्या. जमना दारात आली ती दहा सांगत.

"पुन्हा मोज."

"दोनदा मोजलं, सर. दहाच हायेत. वरच्या पाड्याची विहीर आटली ना, तिथल्या बायका आपल्याकडं येतात पाण्याला. वीस घरं हायेत त्यांची."

तिने हे स्पष्ट सांगितलं. वर्गासमोर सांगितलं. आणि मी काय केलं? तिने कागदावर काढलेला ठिपका रेघेच्या खाली लोंबत होता, माझ्या सुंदर रेघेला तो गालबोटासारखा दिसत होता. मी खोडरबर घेतला, तो पुसला आणि बाराच्या चौकटीत नवा काढला. आदल्या सोमवारचाही वर सरकवला. "मोजताना थोडं मागेपुढे होतंच," मी पोरांना म्हटलं. जमनाने दोर गुंडाळला आणि जागेवर जाऊन बसली.

दोनच दिवसांनी चिमण आला. "गुरुजी, आजी म्हणते पाणी लवकर उतरतंय. लग्न अलीकडं घेऊ का? आता सांगितलं तर रानशेतवाले ऐकतील."

मी त्याला भिंतीपाशी नेलं. सगळे ठिपके शहाण्यासारखे रेघेवर बसलेले. "काही गरज नाही. हे बघ."

"पोर बराबर मोजते ना?"

"एकदम चोख."

जमना तिथेच होती. तिने माझ्याकडे बघितलं. ती नजर मला तेव्हाही कळली होती, उगाच नाही म्हणणार नाही. पण मी पट्टी कपाटात ठेवली आणि दुसऱ्या वर्गावर गेलो.

मग परीक्षा आल्या, सोमवारचं मोजणं थांबलं आणि मे महिन्यात सुट्टी लागली. पंधरा तारखेला मी इस्त्रीचा शर्ट घालून, आहेर घेऊन लग्नाला गेलो. मांडवाबाहेर एक टेम्पो उभा होता आणि त्यातून निळी पिंपं उतरवली जात होती. रानशेतवाल्यांनी नवरदेवाबरोबर पाणीही आणलं होतं. विहीर पाच दिवसांपूर्वीच आटली होती. नवऱ्याकडच्यांनी पाणी आणून मुलीकडचं लग्न लावायचं, यापेक्षा चिमणला खाली मान घालायला लावणारं दुसरं काय असणार? व्याही चांगले होते, काही बोलले नाहीत. म्हणून तर त्याला जास्त लागलं.

मला बघून तो जवळ आला. "ये गुरुजी, बस. तुझी चूक नाय. या पोरीनं मोजायला चुकवलं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "वर तुझ्यावर ढकलते. म्हणते सरांनी पुसलं. खोटं बोलायला पण शिकली. बास झाली शाळा, शितल गेली का घरचं काम हीच करील."

मी काहीच बोललो नाही. खरंच बोललो नाही. पंगतीत जाऊन बसलो, पुढ्यात भात आला, मी तो कालवायलाही लागलो. आणि डोक्यात एक गणित आपोआप सुटत गेलं. चाळीस घरांना आठवड्याला दोन विती लागतात, तर साठ घरांना किती? तीन. एप्रिलच्या पहिल्या सोमवारपासून तीन-तीन वजा केले तर विहीर मेच्या दहा तारखेच्या आसपास आटते. आटलीच होती. शेकडो वेळा फळ्यावर घातलेलं त्रैराशिक. जमनाने मला त्यातले सगळे आकडे हातात दिले होते.

पंगतीत पाणी वाढत ती माझ्यापर्यंत आली. "सर, अर्धाच पेला देते. सगळ्यांना पुरवायचंय," ती म्हणाली. रागाने नाही, सहज. डोळे मात्र तिने वर केले नाहीत.

मी भरल्या ताटावरून उठलो. आमच्याकडे असं उठत नाहीत, त्यामुळे सगळ्यांच्या माना वळल्या. "चिमण, जमनाने बरोबर मोजलं होतं," मी मोठ्याने म्हटलं. "तिने दहा विती सांगितल्या. वरच्या पाड्याचं कारणही सांगितलं. माझी रेघ मोडेल म्हणून मी तिचा ठिपका पुसला. तू विचारायला आलास तेव्हाही खोटं दाखवलं. ती खोटं बोलली नाही. मी बोललो."

काळी आजी कुणाला तरी विचारत होती, गुरुजी काय म्हणतो? तिला कुणीतरी सांगितलं. चिमण माझ्या दिशेने दोन पावलं आला. मला वाटलं, आता हा मला हाकलणार, आणि हाकललं असतं तर बरंही वाटलं असतं. पण तो वळून लेकीकडे गेला. तिच्या हातातली कळशी घेतली, खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर तिच्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हा ती रडली. पाच दिवस ते रडू तिने धरून ठेवलं असणार.

जूनमध्ये डहाणूला तिच्या प्रवेशाला मीही गेलो. चिमणनेच बोलावलं. बोलावलं म्हणजे त्याने माफ केलं, असं मी समजून घेतलं. जमनाचं मात्र सांगता येत नव्हतं. ती बापाच्या पलीकडच्या बाजूने चालत होती आणि मी काही विचारलं तर हो-नाही एवढंच म्हणत होती. पूर्वी सोमवारी दारातूनच आकडा सांगत यायची, ती पोर. ते दिवस मी माझ्या हाताने घालवले होते आणि आज ओट्यावर बसून आठवतो तेव्हाही तेच डाचतं.

वसतिगृहाच्या फाटकाशी निरोप घेताना काहीतरी बोलायला हवं म्हणून मी सवयीने म्हणालो, "नव्या शाळेतले सर सांगतील ते नीट ऐक हं."

"ऐकेन की," जमना म्हणाली. पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघत होती. "पण सर, त्यांनीपण माझं ऐकायला पायजे."

मी मान हलवली. ती पेटी उचलून आत गेली.