लाल अक्षरं आणि माझे गुडघे

मित्रांनो, या पृथ्वीतलावर काही जण केवळ वेगासाठी जन्माला येतात. वारा, वीज, चित्ता आणि मी. परवाच एका बाबागाडीने मला मागे टाकलं. चढ होता हे मान्य, पण बाबागाडीलाही तोच चढ होता.

तर मी एक जुनी चारचाकी आहे. रंग पांढरा, म्हणजे मूळचा पांढरा. माझ्या पाठीवर, डिकीच्या झाकणावर, लाल अक्षरांत ‘स्पोर्ट’ असं लिहिलेलं होतं. ‘होतं’ का म्हणाले ते पुढे कळेल. माझ्या आयुष्यात जे काही बरंवाईट झालं ते त्या अक्षरांमुळे झालं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. आम्ही सगळ्या बहिणी एका रांगेतून पुढे सरकत होतो. शेवटी शेवटी रांग फुटली. बऱ्याच जणी डावीकडे गेल्या आणि आम्ही मोजक्या उजवीकडे. उजवीकडे आमचा थाट काही विचारू नका! मोठी चकचकीत चाकं, काळे आरसे, सीटला लाल दोऱ्याची शिवण, मागे एक छोटासा पंख, ज्याच्या जोरावर मी आजवर एकदाही उडालेले नाही, आणि सगळ्यात शेवटी ती अक्षरं. माझ्या पोटाखाली कोणी काही बदललं की नाही, ते मला कळलं नाही. स्वतःचं पोट खालून कोणी पाहिलंय? मी आपलं धरून चालले की पाठीवर लिहिलंय म्हणजे पोटातही असणारच. माणसंही असंच धरून चालतात, तेव्हा मला हसू नका.

माझा पहिला मालक विम्याचा एजंट होता. वळण आलं की तो स्वतः वळणाच्या बाजूला झुकायचा. मित्रांना मागे बसवून चाकांवरच्या स्प्रिंगांचं कौतुक सांगायचा, “सस्पेन्शन बघ हिचं. रस्त्यातला खडा न खडा कळतो!” मित्र कंबर चोळत म्हणायचे, “वा!” इतरांच्या कंबरेत कळ आली की आपलं कौतुक होतं, हे मी तिथे शिकले. दर रविवारी तो मला स्वतःच्या हाताने धुवायचा. मग त्याला जुळं झालं, घरी मोठी गाडी आली आणि मी गल्लीत उभी राहिले. माझ्या टपावर मांजरीने संसार थाटला. पिल्लं मोठी झाली, निघूनही गेली, तरी मला कोणी हलवलं नाही. शेवटी एके दिवशी मला ढकलत ढकलत जुन्या गाड्यांच्या बाजारात नेऊन सोडलं.

तिथला दुकानदार छपराखालीही काळा चष्मा घालायचा, म्हणून सगळे त्याला गॉगलवाला म्हणत. त्याने माझी बॅटरी बदलली, मला पॉलिश केलं आणि दाराशी उभं केलं. एका सकाळी मिशी फुटू लागलेला एक तरुण आला. गॉगलवाला त्याला म्हणाला, “सस्पेन्शनच वेगळं आहे हिचं! कडक! रस्त्याला चिकटून चालते.” तरुण खूश होऊन वडिलांना विचारायला गेला. तो गेटबाहेर पडतो न पडतो तोच बाई आल्या.

बाई म्हणजे शाळेतल्या खेळाच्या शिक्षिका. पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, पण शिट्टीला नव्हती.

“सस्पेन्शन कसं आहे?” बाईंनी विचारलं.

“एकदम कडक, मॅडम! स्पोर्ट आहे.”

“मग नको. माझ्या आईच्या पाठीचं ऑपरेशन झालंय. तिला धक्का चालत नाही.”

“अहो, ऐका तरी! कडक आपलं म्हणायला. नुसती अक्षरं आहेत हो ती. आतून लोणी!”

“आत्ता त्या मुलाला काय सांगत होतात?”

“तो पोरगा आहे, मॅडम. त्याला जे ऐकायचं होतं ते सांगितलं.”

“आणि मला?”

गॉगलवाल्याने गॉगल काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाला, “तुम्हालाही.”

मित्रांनो, इतकं खरं बोललेला विक्रेता मी पुन्हा पाहिला नाही. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “दोन्हींतलं एकच खरं असणार. कोणतं, ते मी शोधून काढणार. तोवर ही गाडी माझ्याबरोबर येईल.” गॉगलवाला म्हणाला, “मग मीही येईन.” आणि आला.

बाईंच्या घरासमोर उभी राहिल्यावर मला हकीकत कळली. बाईंच्या आईला एक थोरली बहीण होती. ती दूरच्या गावी राहायची आणि तिची नजर दिवसेंदिवस अंधूक होत चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता ती सुधारायची नाही. थोरली रोज फोनवर म्हणायची, “तू ये गं. डोळ्यांत उजेड आहे तोवर एकदा तुझं तोंड बघू दे.” आई एकदा निघालीही होती, भाड्याच्या गाडीतून. अर्ध्या वाटेवरून डोळे पुसत परत आली. दुखण्यापेक्षा परत फिरल्याचं तिला जास्त लागलं होतं. त्यानंतर तिने प्रवासाचं नावच टाकलं. आणि बाईंच्या ऐपतीत बसणारी, धड चालणारी अशी बाजारात त्या घडीला मी एकटीच होते.

घरात ताई आणि भाऊजी, म्हणजे बाईंची थोरली बहीण आणि तिचा नवरा, आलेले होते. भाऊजींनी चपलाही न घालता बाहेर येऊन माझ्याभोवती एक फेरी मारली.

“अगं वेडे, स्पोर्ट आणलीस? स्पोर्टमध्ये स्प्रिंगा आखूड असतात. आईंची पाठ राहील का जागेवर?”

“पाहिल्यात का स्प्रिंगा?” बाईंनी विचारलं.

“पाहायच्या कशाला? वाचलंय मी.”

“माझ्या वर्गातली अर्धी पोरं स्पोर्टचे बूट घालून येतात, भाऊजी. बूट बदलले म्हणून कोणाचे गुडघे बदलत नाहीत.”

खिडकीतून आई म्हणाली, “कशाला उगाच वाद घालताय? नाही जमायचं तर राहू दे. फोन आहे की.”

“फोनवर मावशीला तुझं तोंड दिसणार आहे का?” बाई म्हणाल्या. आईने खिडकीचा पडदा ओढून घेतला. पडद्याआड ती नाक पुसत होती, हे बाहेर सगळ्यांना कळलं आणि सगळे एकदम माझ्या चाकांकडे बघू लागले.

मित्रांनो, त्या क्षणी मी पेचात पडले. अक्षरं खरी असतील तर ही म्हातारी मला मुकणार. खोटी असतील तर मी इतकी वर्षं कोण म्हणून मिरवले? बराच वेळ विचार करून मी ठरवलं की खोटीच असावीत. अभिमान गेला तर जाऊ दे, पण म्हातारीला मीच नेणार.

पण माझ्या ठरवण्याने स्प्रिंगा बदलत नाहीत. त्यामुळे पुढचं सगळं बाईंनी केलं. दोन घरं सोडून राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरांकडे माझीच सख्खी बहीण होती. तोच कारखाना, तेच साल, फक्त डावीकडच्या रांगेतली. पाठीवर अक्षरं नाहीत, चाकं साधी. बाईंनी डॉक्टरांना दवाखान्यातून उठवून आणलं आणि आम्हा दोघींना कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये, सपाट फरशीवर शेजारी शेजारी उभं केलं. बहिणीने मला ओळखलं असावं, पण ती काही बोलली नाही. डावीकडच्या रांगेतल्या गाड्या मुळातच कमी बोलतात.

गॅरेजवाल्याने हात पुसत निकाल देऊन टाकला. “यात तपासायचं काय? स्पोर्टचं सस्पेन्शन वेगळंच असतं. मीच आजवर किती जणांना सांगितलंय!”

“तुम्ही किती जणांचं बघितलंय?” बाई म्हणाल्या. गॅरेजवाल्याने शेजारच्या स्कूटरचं काम काढलं.

बाईंनी टेप घेतली. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत आमची उंची मोजली. दोघी सारख्या. म्हणजे मी रस्त्याला चिकटलेली वगैरे काही नव्हते. मग बाईंनी शिट्टी फुंकली आणि माणसं मोजू लागल्या.

“भाऊजी, ताई, डॉक्टर आणि गॉगलवाले. चौघंही मागे बसा.”

“मागे तिघांचीच जागा असते,” डॉक्टर म्हणाले.

“शाळेच्या सहलीला सहा बसतात. सरका.”

चौघं आधी बहिणीत बसले. बाईंनी ती किती खाली दबली ते मोजलं. शिट्टी झाली. चौघं धडपडत उतरले आणि माझ्यात शिरले. भाऊजी माझ्यात बसताना मुद्दाम जोरात आदळले, पण टेप त्याला फसली नाही. मीही तेवढीच दबले. मग आमचे कोपरे दाबून सोडून पाहिले. दोघीही एकदाच वर आल्या आणि थांबल्या. आता गॅरेजवाल्यालाही राहवेना. त्याने स्कूटर सोडली, दोघींचं एकेक चाक उतरवलं, आत टॉर्च मारला आणि दोन्हीकडच्या स्प्रिंगा हाताने चाचपून पाहिल्या.

“सारखंच आहे,” शेवटी तो म्हणाला. “स्प्रिंगा त्याच, शॉकॅब्सॉर्बर तेच. कंपनीने खाली हातच लावलेला नाही.”

मित्रांनो, अशा वेळी मन मोडतं असं म्हणतात. माझं मोडलं नाही, कारण ते मोडण्याआधीच भाऊजी ओरडले, “थांबा! मग ही आदळते का? मघाशी इथे येताना गतिरोधकावर हिच्यात माझं डोकं टपाला लागलं. डॉक्टर त्यांच्या गाडीतून आले, त्यांचं नाही लागलं!”

हे मात्र खरं होतं. बाईंनी आम्हा दोघींना गॅरेजमागच्या खडबडीत रस्त्यावरून नेलं. स्वतः मागे बसल्या आणि डोळे मिटून घेतले. बहीण मऊ होती, मी टणक. गुडघे तेच आणि चाल वेगळी! गॉगलवाला म्हणाला, “मॅडम, सोडा आता. दुसरी दाखवतो.” बाईंच्या चेहऱ्याकडे बघून मला वाटलं, संपलं.

बाई माझ्याजवळ उकिडव्या बसल्या. एका हाताची बोटं त्यांनी माझ्या टायरच्या रबरावर ठेवली, दुसऱ्या हाताची बहिणीच्या टायरवर. माझी चाकं मोठी, त्यामुळे त्यांच्याभोवतीचं रबर अगदी पातळ. बहिणीची चाकं लहान, रबर गुबगुबीत.

“अगं बाई!” बाई स्वतःलाच म्हणाल्या. “बूटच की!”

“काय?” गॅरेजवाला म्हणाला.

“गुडघे ठीक आहेत हिचे. तळवा पातळ आहे. चाकं बदला. हिची तिला, तिची हिला.”

“बसतात का ते बघावं लागेल,” गॅरेजवाला म्हणाला. बसली. बाईंनी पुन्हा त्याच रस्त्यावरून फेरी मारली. मित्रांनो, माझ्याच पाठीत इतका मऊपणा दडलेला होता हे मला त्या दिवशी कळलं. मागून बहिणीत बसून डॉक्टर येत होते. दर खड्ड्याला त्यांचा आवाज ऐकू येत होता, “अयाई! माझी कंबर!”

उतरल्यावर डॉक्टर चार पावलं मागे गेले आणि आपल्या गाडीकडे बघत राहिले. चकचकीत चाकांमुळे ती अगदी नवरीसारखी दिसत होती.

“एक विचारू का?” डॉक्टर म्हणाले. “ही चाकं अशीच राहिली तर चालेल?”

“आणि कंबर?” ताईंनी विचारलं.

“कंबरेचं काय, होते सवय.” मग ते जरा घुटमळले. “आणि ती अक्षरं... निघतील का हो?”

गॅरेजवाल्याने गरम हवा मारून अक्षरं सोडवली आणि बहिणीच्या पाठीवर चिकटवली. माझ्या पाठीवर तेवढा पांढराशुभ्र ठसा उरला. गॉगलवाल्याने तिथेच व्यवहार पुरा केला आणि निघताना बहिणीकडे बघून सवयीने म्हणाला, “सस्पेन्शन बघा हिचं. कडक!” डॉक्टर मनापासून हसले. आजही गल्लीतले लोक तिच्याविषयी तसंच बोलतात.

दोन दिवसांनी आई माझ्यात बसली. पाठीला उशी, हातात रुमाल, तोंड घट्ट मिटलेलं. मी ठरवलं होतं की आज रस्ता कसाही असो, तो माझ्यापाशीच थांबेल, या सीटपर्यंत पोचणार नाही. बाईही माझ्याशी एकमताने वागल्या. मागचे लोक हॉर्न वाजवत राहिले, सायकली पुढे गेल्या आणि आम्ही दोघी निर्लज्जासारख्या हळूहळू चालत राहिलो. जिथून आई मागच्या वेळी परत फिरली होती, ती जागा आली. बाईंनी आरशात पाहिलं.

“थांबू का गं?”

“थांबतेस कशाला?” आई म्हणाली. “चल की. ती तिकडे जेवायची खोळंबली असेल.”

मावशी दारात उभी होती. आई उतरली, सरळ उभी राहिली आणि तिच्याजवळ गेली. मावशीने तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, उजेडाकडे वळवलं, डोळे बारीक करून अगदी जवळून बघितलं.

“म्हातारी झालीस की गं तू!”

“आणि तू काय शाळेत जातेस?”

मग दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून बराच वेळ हसत होत्या, रडत होत्या. नेमकं काय, ते मी पाठमोरी उभी असल्यामुळे मला दिसलं नाही. आरशात जेवढं मावलं तेवढं पाहिलं.

मित्रांनो, आता आम्ही दर महिन्याला जातो. माझ्या पाठीवर काहीही लिहिलेलं नाही आणि मला त्याची उणीव भासत नाही. कोणाच्याही पाठीवरचं वाचून त्याची परीक्षा करू नका. खाली वाका, हात लावून बघा, शंका आली की दोघांना शेजारी शेजारी उभं करून मोजा. जुन्या वस्तूंना टाकून देण्याआधी त्यांचं नेमकं दुखतंय कुठे ते विचारा. बऱ्याचदा बूटच चावत असतो. निगा राखलीत तर आम्ही जुन्या गाड्या अजून पुष्कळ वर्षं तुमच्या आईला तिच्या बहिणीकडे नेऊ.

आणि हो, मागच्या खेपेला मावशीने आईला एक कुंडी दिली होती. ती वाटेत डिकीत कलंडली. माती कोणीच झाडलेली नाही आणि आता तिच्यात काहीतरी उगवायला लागलंय. जाता जाता तेवढं कोणी बघाल का?