मागच्या खिळ्यावरचा हार

मनकर्णाबाईंच्या फुलांच्या दुकानात दोन खिळे होते. पुढच्या खिळ्यावर लग्नकार्याचे हार, मागच्यावर मयतीचे. झेंडू तोच, दोरा तोच. पण एकदा एक घाईतला फोटोग्राफर मागचा हार उचलून नवरदेवाकडे निघाला, तर बाई अनवाणी धावत गेल्या आणि हार हिसकावून घेऊन आल्या. "फुलं तं सारखीच हायत ना," तो म्हणाला. अशा माणसाला काय समजावणार, कपाळ!

अकोल्याच्या त्या दुकानामागेच त्यांचं घर. वरच्या खोलीत घाना देशाची अबेना भाड्याने राहायची. कृषी विद्यापीठात शिकायला आलेली, दोन वर्षांत बाईंची वऱ्हाडी पक्की उचललेली. परवा बाईंच्या लेकीने, रागिणीने, स्वतःच्या साक्षगंधासाठी अमरावतीहून गाऊन आणला. विटकरी रंग, त्यावर काळे ठसे, आत फ्रान्सच्या कंपनीचं लेबल. बाई हरखून गेल्या. गाऊन जरा लांब होता, म्हणून खालून दुमडून शिवायला त्यांनी अबेनाला हाक मारली.

अबेनाने गाऊन मांडीवर घेतला आणि सुईत दोरा ओवायचंच विसरली.

"मावशी, हे तं आमच्याकडं मयतीत नेसतात. हा ठसा निरोपाचा. माही आजी वाळक्या भोपळ्यात कोरून कापडावर उठवायची."

"मंग त्या कंपनीनं पार्टीच्या गाऊनवर काहून छापला?"

"छान दिसला असंल."

"तुह्या आजीले इचारलं?"

"कोणालेच नाई इचारत."

बाईंचं डोकं चक्रावलं. हे कापड फ्रान्सचं म्हणायचं की घानाचं? आणि तिकडचा अपशकुन इकडे अकोल्यात धरायचा की नाही? रागिणी तर चिडलीच. "आई, इथं कोणाले समजते? डिझाईन तं डिझाईनच हाय ना!"

बाईंना तो फोटोग्राफर आठवला.

"अबेनाले समजते," त्या म्हणाल्या. "अन् ती तुह्या बाजूले करवली म्हणून बसणार हाय."

"नाई मावशी, घालू द्या तिले," अबेना म्हणाली, पण गाऊन काही तिच्या हातून सुटेना. "आजी दिवाळीत गेली. तिकीट नाई जमलं. इथं बसून तरी नेसावं म्हणून असं कापड मी अख्ख्या अकोल्यात शोधलं. कुठंच नाई भेटलं."

रागिणीचा राग कुठल्या कुठे गेला. तिने गाऊन उचलला आणि अबेनाच्या खांद्यांवर घातला. बाईंनी अबेनाच्या मोबाइलमधला आजीचा फोटो लावून मोबाइल भिंतीला टेकवून ठेवला, दुकानात गेल्या आणि मागच्या खिळ्यावरचा हार काढून आणला.

अबेना खूप वेळ रडली. बाईंनाही रडू आवरेना, पण डोक्यातला गोंधळ काही जात नव्हता. अबेना गाऊन घेऊन वर गेल्यावर रागिणीने हळूच विचारलं, "आई, आपण तिले गिफ्ट देल्लं का व?"

"मलेबी समजून नाई राह्यलं," बाई म्हणाल्या. "तिचंच तं होतं."