पाच वेढ्यांची वायर

माझ्या सासऱ्यांना, दीपचंदजींना, काहीही वाया गेलेलं बघवत नाही. शहाद्यातलं आमचं हार्डवेअरचं दुकान आपण वाकडे खिळे सरळ करून उभं केलं, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. अशा माणसाच्या पोटी हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी वायरलेसचं वेड असलेला अभिनंदन यावा, ही नशिबाची थट्टा. आणि मी त्याची बायको, म्हणजे थट्टा माझीही झालीच.

महाशिवरात्रीला तोरणमाळच्या यात्रेत मोबाइल नावापुरताच उरतो. म्हणून अभिनंदनने यंदा मित्रांबरोबर वायरलेसवरून निरोप पोचवायचं पत्करलं होतं. अँटेना घरीच केला, अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा. अँटेना आणि केबल जुळले नाहीत तर पाठवलेली ताकद माघारी येते म्हणे. आमचं स्थळ जुळवताना एवढा विचार कुणी केला नव्हता. तो गच्चीवर नळीला कानस मारायचा, मी खाली माघारी येणारी ताकद दाखवणाऱ्या मीटरची सुई वाचून ओरडायचे; सुई जितकी खाली तितकं चांगलं. सुई हवी तिथे आल्यावर त्याने अँटेनाच्या बुडाशी केबलचे पाच वेढे घालून घट्ट बांधले. हा चोक. तो नसला तर ताकद केबलच्या बाहेरच्या अंगाने घरात उतरते, असं त्याने मला समजावलं. वडिलांना समजावण्याची हिंमत त्याला कधीच नव्हती.

पापड बघायला सासरे गच्चीवर गेले आणि एवढी वायर नुसती गुंडाळलेली बघून हळहळले. आमच्याकडे वायर हातावर मोजून विकतात. त्यांनी वेढे कापले, सुबक जोड दिला आणि तुकडा विकायला खाली आणला. गंमत म्हणजे सुई आणखीच खाली आली. जास्तीचं काढलं की सगळं सुधारतं, हे त्यांनी जेवताना पुन्हा पुन्हा ऐकवलं. सुईच त्यांच्या बाजूने गेल्यावर अभिनंदन काय बोलणार?

तो दुकानामागच्या गोदामात बसून तोरणमाळच्या मित्राशी चाचण्या करू लागला, आणि इकडे दुकानातला इलेक्ट्रॉनिक वजनकाटा वेड्यासारखा वागू लागला. दोन किलो खिळे अडीच व्हायचे, पुन्हा दोन. दुरुस्तीवाला आला तेव्हा अभिनंदन जेवत होता, त्यामुळे काटा निर्दोष सुटला. सासूबाईंनी काट्याची दृष्ट काढली. कोरीट गावचं जुनं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात शिरताना दिसलं, तेव्हा सासऱ्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या मापावर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

मी चहा घेऊन दुकानात गेले तेव्हा तोरणमाळकडचा रायसिंग घरासाठी खिळे घेत होता. गोदामातून अभिनंदनचा आवाज आला आणि आकडे चढले.

"शेठ, मी हातबी लावा नही," रायसिंग म्हणाला. "मंग वजन कसं वाढी ऱ्हायनं?"

गोदामातला आवाज थांबला, आकडे उतरले, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्हा मारवाड्यांत सून सासऱ्यांशी थेट बोलत नाही; निरोप सासूबाईंमार्फत जातो, आणि त्या मंदिरात गेल्या होत्या. मी पदर सावरला आणि रायसिंगलाही कळावं म्हणून मारवाडी सोडून अहिराणीत बोलले.

"पप्पाजी, काटा खरा शे. तुम्हीन गच्चीवरनी वायर कापी, म्हणीसन हाई व्हई ऱ्हायनं."

मग अभिनंदनला हाक मारून बोलायला लावलं, थांबायला लावलं. काटा त्याच्या तालावर नाचला. रायसिंग पोट धरून हसला. सासरे हसले नाहीत. त्यांनी जुना तराजू काढून त्याचे खिळे तोलून दिले, मग केबलचं भेंडोळं ओढलं, पाच वेढ्यांची वायर मोजली आणि वर हातभर सोडली. गिऱ्हाइकाला नेहमी थोडं जास्तच द्यावं, हा त्यांचा नियम.

एकदा तोंड उघडलंच होतं. जास्तीची नको, मापातलीच हवी, असं मी सांगितलं.

त्यांनी ती हातभर वायर कापली, उरलेली माझ्यापुढे धरली आणि विचारलं, "आता बरोबर आहे, बेटा?"

लग्नानंतर त्यांनी मला काही विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. मी मान डोलावली.