मास्तरांची कॉफी माझ्या डोक्यावर

मित्रांनो, मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. रेकॉर्डवरची सुई जे पुटपुटते, ते मोठे करून स्पीकरच्या तोंडी घालायचे, एवढेच माझे काम. वजन असे की मला एकट्याने उचलणारा माणूस पुढचा आठवडा कंबर धरून चालतो. समोर काचेआड दोन काटे आहेत, एक डाव्या आवाजाचा आणि एक उजव्याचा. लोक ऐकायला आलो म्हणतात आणि तासभर माझे काटे बघत बसतात. मी कोणाला काही बोलत नाही. पण माणसांचा हिशेब माझ्याजवळ पक्का असतो.

माझा जन्म ओसाकाजवळच्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात आठ ट्रान्झिस्टर बसवले होते. ट्रान्झिस्टर म्हटल्यावर तुम्हाला आजोबांच्या उशाचा रेडिओ आठवेल, पण हे ते नव्हेत. हे सुपारीपेक्षा जरा मोठे, डोक्यावर धातूची टोपी घातलेले, दोन पायांवर उभे राहणारे गडी. ते जोडीने काम करतात. एक ढकलतो, दुसरा ओढतो, लाकडाच्या वखारीत मोठी करवत चालवणाऱ्या दोघांसारखे. एकाचा जोर कमी पडला की करवत वाकडी जाते. म्हणून कारखान्यात एक बाई फक्त जोड्या जुळवायची. शंभरातले नव्वद नाकारायची, तेही तोंड वाकडे करून. मुलीचे स्थळ बघणाऱ्या आत्याबाईसुद्धा इतक्या चोखंदळ नसतील. तिने माझ्या डाव्या अंगाला दोन जोड्या दिल्या, उजव्याला दोन. ते ट्रान्झिस्टर आता जगात कोणी बनवत नाही.

तिथून मी उत्तरेला हाचिनोहे बंदरात आलो, कुजी मास्तरांच्या ‘कामोमे’ नावाच्या कॉफीच्या दुकानात. तिकडे कॉफीच्या दुकानाच्या मालकालाच मास्तर म्हणतात. तिथे रेकॉर्ड चालू असताना बोलायचे नाही, असा नियम होता. कोणी बोललेच तर मास्तर नुसते एक बोट वर करत. वाळवलेल्या माकुळांचे, म्हणजे स्क्विडचे, व्यापारी कुमागाई-सान यांच्यासाठी ते बोट जितक्या वेळा वर झाले, तितके बाकी सगळ्या गावासाठी मिळून झाले नसेल. ते बोलायचे थांबले की स्वतःच्याच दुकानातले माकूळ काढून चघळत. एका कॉफीवर दोन रेकॉर्डी ऐकत, आणि वर साखर जास्त मागत.

मास्तर मला मोठ्याने लावायचे. खिडकीच्या काचा थरथरायच्या. त्यांची बायको फुसाए-सान आत कपबशा विसळता विसळता ओरडायच्या, “समुद्र काय कमी ओरडतो, म्हणून तुम्ही भर घालताय? जरा कमी करा.” मास्तर लगेच बटण तसूभर मागे घ्यायचे. बायकोची पाठ वळली की दोन तसू पुढे. नवऱ्याचे आज्ञापालन मी जवळून पाहिले आहे, ते असेच असते.

मला मात्र मास्तर फार जपत. माझ्या डोक्यावर रेकॉर्डचे साधे पाकीटही ठेवू देत नसत. माझ्या झाकणाला वर बारीक फटी आहेत, पोटातली ऊब तिथून बाहेर पडते. दर सोमवारी ते त्या फटींतली धूळ रंगाऱ्याच्या मऊ कुंचल्याने काढत आणि गुणगुणत. स्वतःच्या दुकानात त्यांना तेवढीच वेळ आवाज काढायला मिळे.

एका हिवाळ्यात मास्तर गेले.

एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी झाल्यावर फुसाए-सानांनी माझ्या डोक्यावर स्वतः विणलेला पांढरा रुमाल अंथरला. डाव्या अंगाला मास्तरांचा फोटो ठेवला. रोज सकाळी पहिली कॉफी त्या फोटोपुढे ठेवायच्या. जन्मभर हा माणूस याच यंत्रापुढे बसला, मग त्याला आणखी कुठे ठेवायचे? येणारे-जाणारे वाकून नमस्कार करू लागले. कुमागाई-सान येताना माकुळाचा एक तुकडा आणून ठेवत आणि जाताना तो स्वतःच खात. मित्रांनो, खोटे कशाला सांगू, तो मान मला आवडला. पण ऊब पोटातच कोंडत होती.

जुलैत एके दुपारी दोन रेकॉर्डी झाल्या आणि माझ्या डाव्या अंगात धप् आवाज झाला. जळका वास सुटला. डावा काटा पडला तो उठलाच नाही.

फुसाए-सान खुर्चीत बसूनच राहिल्या. त्यांना माझी काळजी नव्हती, तारखेची होती. ऑगस्टमध्ये ओबोन येतो. त्या दिवसांत गेलेली माणसे आपापल्या घरी येतात, आणि मास्तरांचा तो पहिलाच ओबोन होता.

“घरी येतील,” त्या म्हणाल्या, “आणि आवाज ओळखीचा वाटला नाही तर दारावरून पुढे जातील. रस्ते लक्षात ठेवायची अक्कल त्यांना कधीच नव्हती.”

तोमाबेची-सानांना बोलावले. त्यांनी उमेदीची वर्षे मासेमारी बोटींवरचे रेडिओ दुरुस्त करण्यात घालवली होती. आधी त्यांनी फोटो दोन्ही हातांनी उचलला, “मास्तर, जरा बाजूला बसा,” म्हणाले आणि मग माझे झाकण उघडले. डाव्या अंगाचे चारही ट्रान्झिस्टर जळाले होते. बाजूला काढलेला रुमाल त्यांनी उलटा करून पाहिला. खालून तपकिरी डाग पडले होते, फटींच्या रांगा जशाच्या तशा उमटलेल्या. त्यांनी रुमाल घडी करून ठेवला आणि म्हणाले, वय झाले आता.

“कोणाचं?” फुसाए-सानांनी विचारले.

यावर ते झाकणाचे स्क्रू आवळू लागले. शहाणा माणूस.

बातमी कळताच कुमागाई-सानांनी घरबसल्या चार ट्रान्झिस्टर मागवले, अगदी त्याच नंबराचे. रेशमी रुमालात बांधून आणले. तोमाबेची-सानांनी दोनदा वाकून आभार मानले आणि घरी जाऊन एकाची टोपी थिनरच्या बोळ्याने पुसली. नंबर पुसला गेला, खाली भलताच नंबर निघाला. दुसऱ्याची टोपी कापली, तर आत सिलिकॉनचा नखाएवढा तुकडा असायला हवा होता तिथे तिळाएवढा. हे त्यांनी कुमागाई-सानांना सांगितले नाही. आमच्या गावात भेटवस्तू खोटी निघाली तर ज्याने ती घेतली त्याने लाजायचे असते.

मग ते फुसाए-सानांपुढे बसले आणि उरलेल्या दोन वाटा सांगितल्या. बाजारात नवे ट्रान्झिस्टर मिळतात, जोरदार आणि चपळ. पण माझी घडण जुनी. इतका चपळ गडी तिथे उभा केला तर तो कोणाला ऐकू न येणाऱ्या वेगाने थरथरत राहतो आणि स्वतःच तापून मरतो. त्याला लगाम घालता येईल. मात्र दोन्ही बाजू सारख्या वाजायच्या तर उजव्या अंगाचे धडधाकट जुने गडीही काढावे लागतील.

“आवाज मोठा येईल,” ते म्हणाले. “स्वच्छ येईल. मास्तरांचा असेल का, ते मला सांगता येणार नाही.”

दुसरी वाट म्हणजे उजव्या अंगाच्या दोन जोड्यांपैकी एक डाव्याला द्यायची. दोन्हीकडे एकेकच जोडी राहील. सगळे मूळचेच, त्या चोखंदळ बाईने जुळवलेले. पण ताकद निम्मी.

“मोठ्याने लावायचं नाही मग. कधीच.”

“ते मोठ्यानेच ऐकायचे.”

“हो.”

“पण ही जोडी त्यांनी ऐकलेली आहे?”

“रोज.”

फुसाए-सानांनी कपबशी उचलली, आत जाऊन विसळली, पुसली आणि परत आल्या. “तीच बसवा,” म्हणाल्या. मग तोमाबेची-सान मला आपल्या घरी घेऊन गेले.

ओबोनच्या दिवशी तोमाबेची-सान मला घेऊन आले. आवाजाच्या बटणाशेजारी त्यांनी नखाला लावायच्या लाल रंगाची एक रेघ ओढली होती. मला जागेवर ठेवतात न ठेवतात तोच फुसाए-सान तो पांढरा रुमाल घेऊन आल्या, धुतलेला, इस्त्री केलेला.

आता बोलणे भाग होते. तोमाबेची-सानांनी घसा खाकरला, मास्तरांचा फोटो उचलला आणि दोन स्पीकरांच्या बरोबर समोर, मास्तरांच्या जुन्या खुर्चीत ठेवला.

“वर बसून कोण ऐकतं, फुसाए-सान? ऐकणारा समोर बसतो.”

फुसाए-सान भोळ्या नव्हत्या. त्यांनी रुमाल उलटा केला. डाग धुऊनही गेले नव्हते.

“म्हणजे मीच.”

“जुनं यंत्र आहे,” तोमाबेची-सान एक घट्ट बसलेला स्क्रू पुन्हा आवळत म्हणाले. “कॉफी तेवढी गरम द्या त्यांना. खुर्चीत बसून थंड कॉफी कोण पितं?”

संध्याकाळी दारात काटक्यांचा लहानसा जाळ केला, येणाऱ्याला घर दिसावे म्हणून. नेहमीची माणसे जमली. आपले ट्रान्झिस्टर बसवले का, असे कुमागाई-सानांनी चारचौघांत विचारले. “आत आहेत,” तोमाबेची-सान म्हणाले, आणि ते खरेच होते. एका पुडीत बांधून माझ्या पोटात, कोपऱ्यात चिकटवलेले आहेत, कुठल्याही तारेला न जोडता. तेव्हापासून कुमागाई-सान नव्या गिऱ्हाइकाला कोपराने ढोसून सांगतात, ऐका, हे माझे वाजताहेत. त्यांच्यासाठी बोट वर करणारे आता कोणी नाही.

फुसाए-सानांनी मास्तरांची आवडती रेकॉर्ड लावली आणि बटण लाल रेघेपर्यंत नेले. माझे काटे अर्ध्यावर जाऊन थांबले. काचा हलल्या नाहीत. उलट वादकाने फुंकण्यापूर्वी घेतलेला श्वास ऐकू आला, जो इतक्या वर्षांत त्या गोंगाटात कोणाला सापडला नव्हता. कुमागाई-सानांचे चघळणे थांबले.

फुसाए-सान सवयीने स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या होत्या. तिथून काही ओरडायला तोंड उघडले, पण कमी करायला सांगण्यासारखे काही उरले नव्हते. त्या परत आल्या, खुर्चीजवळ उभ्या राहिल्या. रेकॉर्ड चालू असताना त्या दुकानात त्या पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या.

“इतकी वर्षं म्हणत होते, जरा कमी करा. ऐकलंत शेवटी.”

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादे जुने यंत्र असेल. त्याच्यावर माया असेल तर त्याच्या डोक्यावर काही ठेवू नका. त्यालाही श्वास लागतो. त्याच्या समोर बसा, तेवढे पुरते. आणि त्याचे भाग बदलायची वेळ आली, तर किती मोठा आवाज मिळेल एवढेच विचारू नका.

दुकान रिकामे असले की फुसाए-सानांचे बोट कधी कधी बटणावर थांबते. रेघेच्या पलीकडे जाऊ का, असे जणू मलाच विचारते. माझ्यात आता तेवढा जोर नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. तरी खिडकीच्या त्या काचा पुन्हा एकदाच थरथराव्यात, असे मला फार वाटते. मग त्या हात मागे घेतात, मास्तरांची कॉफी बदलतात, आणि शेजारच्या खुर्चीत बसून ऐकतात.